झाले की व्हायचे आहे? : ख्रिस्ती भविष्यवाणीचा एक जुना वाद आणि महाराष्ट्र

#थ्रेड

परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर 'पोखर्णी नृसिंह' नावाचे स्थानक आहे. गावाची ओळखच नृसिंहाच्या मंदिराने झालेली. नृसिंहाची कथा मराठी घरांत लहान मुलालाही ठाऊक असते. दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, घराबाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही, अशा अटींचा वर हिरण्यकशिपूने मागितला होता. तो वर शब्दशः पाळला गेला आणि तरीही हिरण्यकशिपू उंबरठ्यावर, संध्याकाळी मारला गेला.

याच दशावतारांच्या यादीत शेवटी कल्की आहे. नृसिंह होऊन गेला, कल्की व्हायचा आहे. कोणता अवतार कोणत्या बाजूला, याबद्दल पोखर्णीला येणाऱ्या भाविकाच्या मनात कधी संभ्रम नसतो. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात मात्र नेमका हाच संभ्रम जवळजवळ दोन हजार वर्षे टिकून आहे. येशूने सांगितलेला 'शेवट' नृसिंहाच्या बाजूचा, म्हणजे घडून गेलेला? की कल्कीच्या बाजूचा, अजून यायचा असलेला? हा वाद युरोप-अमेरिकेपुरता वाटतो, पण त्याचे धागे अलिबाग, केडगाव, नगर आणि पुण्यापर्यंत येतात.

वादाचे मूळ एका संभाषणात आहे. इ.स. ३० च्या सुमारास यरुशलेमच्या भव्य मंदिराकडे पाहून शिष्य थक्क होतात. येशू त्यांना सांगतो की यातला दगडावर दगड राहणार नाही. पुढे जैतुनाच्या डोंगरावर बसल्यावर शिष्य विचारतात, हे कधी होईल? उत्तरादाखल आलेले प्रवचन मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आहे. लढाया होतील, दुष्काळ पडतील, भूकंप होतील, पवित्र स्थानी अमंगळ गोष्ट उभी राहील, यहुदियात असणाऱ्यांनी डोंगरांकडे पळावे, सूर्य अंधारेल, मनुष्याचा पुत्र मेघांवर येताना दिसेल. आणि या सगळ्यानंतर एक विधान येते, ज्याचा आशय असा की हे सर्व घडून येईपर्यंत ही पिढी संपणार नाही.

'ही पिढी.' सारा घोळ या दोन शब्दांचा आहे.

ती पिढी तर संपली. मग? १९०६ मध्ये आल्बर्ट श्वाइट्झर या जर्मन अभ्यासकाने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात असा निष्कर्ष काढला की येशूला जगाचा शेवट अगदी जवळ वाटत होता आणि तो आला नाही. बर्ट्रांड रसेलने १९२७ च्या व्याख्यानात आपण ख्रिस्ती का नाही हे सांगताना हाच मुद्दा पुढे केला. श्रद्धावंतांसाठी हा पंडिती खेळ नव्हता. भविष्य चुकले असेल तर सांगणाराही चुकला, आणि सांगणारा चुकला तर त्याच्या नावाने उभा असलेला धर्म कशावर उभा राहणार?

याला एक सरळ उत्तर आहे. भविष्य चुकलेच नाही, ते त्याच पिढीत पूर्ण झाले. या मताला लॅटिनमधल्या 'होऊन गेलेले' या अर्थाच्या शब्दावरून प्रेटेरिझम म्हणतात. मराठीत पूर्तवाद म्हणता येईल. पूर्तवाद्यांचे बोट एका वर्षावर असते, इ.स. ७०.

त्या वर्षाची हकिगत अशी. इ.स. ६६ मध्ये यहुद्यांनी रोमविरुद्ध बंड केले. नीरोने व्हेस्पेशियनला पाठवले. ६८ मध्ये नीरोने आत्महत्या केली, ६९ मध्ये एकामागून एक चार सम्राट झाले आणि अखेर व्हेस्पेशियन गादीवर बसला. मोहीम त्याचा मुलगा टायटस याच्याकडे आली. ७० च्या वसंतात यरुशलेमला वेढा पडला. आत तीन गट एकमेकांचे गळे कापत होते, धान्याची कोठारे त्यांनीच जाळली होती. उपासमारीची जी वर्णने जोसीफस या यहुदी इतिहासकाराने लिहून ठेवली आहेत ती वाचवत नाहीत. ऑगस्टमध्ये मंदिर जळाले. रोज होणारे बलिदान थांबले, ते आजतागायत.

पूर्तवादी म्हणतात, आता प्रवचन पुन्हा वाचा. ३० ते ७० म्हणजे चाळीस वर्षे, एक पिढी. दुष्काळ? सम्राट क्लॉडियसच्या काळात यहुदियात पडला, प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकातच त्याचा उल्लेख आहे. भूकंप? ६० च्या सुमारास लावदिकीया उद्ध्वस्त झाले, ६२ मध्ये पॉम्पेईला हादरे बसले. डोंगरांकडे पळा? यरुशलेममधले ख्रिस्ती आधीच यार्देनेपलीकडच्या पेल्ला गावी निघून गेले होते, असे चौथ्या शतकातला युसीबियस लिहितो. शिवाय जगाचाच अंत होणार असेल तर यहुदियातून डोंगरात पळून काय उपयोग? हा प्रश्न पूर्तवाद्यांचा सर्वांत बिनतोड प्रश्न आहे, आणि त्याला समोरून फारसे समाधानकारक उत्तर येत नाही.

सूर्य अंधारण्याचे काय? त्यावर ते यशयाकडे बोट दाखवतात. बाबेलच्या पाडावाविषयी बोलताना यशया सूर्य-चंद्र अंधारल्याची भाषा वापरतो, आणि मिसरवर देव मेघावर स्वार होऊन येतो असे म्हणतो. त्या वेळी आकाश कोसळले नव्हते, राज्ये कोसळली होती. संदेष्ट्यांची ती बोलण्याची रीतच होती.

प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातील ६६६ हा आकडाही याच पद्धतीने सोडवला जातो. आपल्याकडे कटपयादी पद्धतीत अक्षराला अंक असतो, तसा हिब्रूतही प्रत्येक अक्षराला अंक आहे, फक्त तिथे त्यांची बेरीज करतात. 'नेरोन केसर' हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिले की बेरीज ६६६ येते. नावाच्या शेवटचा 'न' गाळला तर ६१६. गंमत अशी की काही प्राचीन हस्तलिखितांत खरोखरच ६१६ हा आकडा सापडतो. आकडा बदलला तरी माणूस तोच राहतो, हा योगायोग म्हणून सोडून देणे कठीण आहे.

पण सगळे इतके सुरळीत नाही. प्रकटीकरण लिहिले कधी? दुसऱ्या शतकातील बिशप आयरेनियसचे म्हणणे सर्वसाधारणपणे असे समजले जाते की तो दृष्टान्त डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे ९५ च्या आसपास झाला. तसे असेल तर ७० ची घटना 'होणार' म्हणून सांगण्यात अर्थ उरत नाही. म्हणून पूर्तवाद्यांना ते पुस्तक ७० पूर्वीचे ठरवावे लागते. बहुसंख्य अभ्यासक ९५ कडे झुकतात, तरी जॉन रॉबिन्सन यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकाने १९७६ मध्ये जुन्या तारखेचा जोरदार पुरस्कार केला.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. पूर्तवाद्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, यरुशलेमविषयीचे सारे पूर्ण झाले, पण मृतांचे पुनरुत्थान आणि अंतिम न्याय बाकी आहे. दुसरा म्हणतो, सगळेच झाले, काहीच बाकी नाही. १८७८ मध्ये जेम्स स्टुअर्ट रसेल या इंग्लंडमधील पाळकाने या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला, पहिल्या आवृत्तीवर त्याचे नावही नव्हते. विसाव्या शतकात काही अमेरिकी लेखक त्याच्याही पुढे गेले. चर्चच्या श्रद्धाविधानात ख्रिस्त पुन्हा येईल हे भविष्यकाळात आहे, त्यामुळे या दुसऱ्या तटाला बहुतेक चर्च पाखंडी मानतात. नव्या करारातच हुमनाय आणि फिलेत अशी दोन नावे येतात. पुनरुत्थान होऊन गेले, असे ते शिकवत होते आणि त्यामुळे लोकांचा विश्वास ढळत होता, अशी तक्रार तिथे आहे. म्हणजे 'सगळे होऊन गेले' म्हणणारे लोक पहिल्या शतकातही होते!

आता युरोपातून गोव्याकडे. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंटांनी रोमच्या पोपलाच ख्रिस्तविरोधी ठरवले. प्रकटीकरणातील श्वापद म्हणजे रोमचे चर्च, असा त्यांचा अर्थ. याला जेझुइट पंडितांनी दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली. फ्रान्सिस्को रिबेराने म्हटले की श्वापद अजून यायचे आहे. लुईस दे अल्काझारने म्हटले की ते येऊन गेले, ती यरुशलेम आणि मूर्तिपूजक रोमची गोष्ट होती. श्वापद भविष्यात टाका किंवा भूतकाळात, आजचा पोप सुटतो. अल्काझारचा प्रचंड ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६१४ मध्ये अँटवर्पला छापला गेला. पूर्तवादाची पद्धतशीर मांडणी तिथून सुरू होते.

दोनच वर्षांनी, १६१६ मध्ये, त्याच जेझुइट संघातील फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण गोव्यात राचोल येथे छापले गेले. सुमारे ११,००० ओव्या, दोन भाग, पहिल्यात जुन्या करारातील कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. अल्काझारशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही. पण रचना पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या पुराणात तारणाऱ्याची वाट पाहणे, दुसऱ्यात त्याचे येणे. मराठीत ख्रिस्ती भविष्यवाणीने जेव्हा प्रथम ओवीचा वेष घेतला, तेव्हा ती मुख्यतः पूर्ण झालेल्या वचनाची कथा म्हणून आली.

वचन पूर्ण झाल्याचा असा दावा मुळात शुभवर्तमानातच आहे, आणि तिथून वाट थेट कोकणात उतरते. जुन्या करारातील मलाखी हा संदेष्टा सांगतो की परमेश्वराचा मोठा दिवस येण्यापूर्वी एलीया परत येईल. एलीया हा अग्निरथातून स्वर्गात गेलेला संदेष्टा. शिष्य येशूला विचारतात, एलीया आधी यायला हवा ना? येशूचे उत्तर असे की तो येऊन गेला, लोकांनी त्याला ओळखले नाही. शिष्यांना कळते की तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाविषयी बोलतो आहे. पुढचा सारा पूर्तवाद या उत्तरात बीजरूपाने आहे. तुम्ही आकाशाकडे पाहत होता, तो नदीकाठी उभा होता.

यहुद्यांनी हे उत्तर मानले नाही. त्यांचा एलीया अजून यायचा आहे. आणि हे यहुदी मराठी बोलणारेही आहेत. कोकणातील बेने इस्राएल समाजात एलियाहू हनाबीची जेवढी भक्ती आहे तेवढी क्वचितच कुठे असेल. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी श्रद्धा आहे. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात जाताना मलिदा होतो. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची, फळे, आणि सोबत एलियाहूचे स्तवन. ज्याच्यासाठी ताट मांडायचे तो आलेला नाही, येणार आहे, ही भावना त्यामागे असते.

या समाजाची परंपरा सांगते की पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगाव येथे फुटले आणि सात जोडपी वाचली. समाजाचे इतिहासकार हायिम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या इतिहासात हे आगमन इ.स.पू. १७५ च्या सुमाराचे मानले. अँटायोकस एपिफानीस हा राजा गादीवर आला तोच हा काळ. त्याने पुढे १६७ मध्ये यरुशलेमच्या मंदिरात परक्या देवाची पूजा सुरू केली. दानीएलच्या पुस्तकातील 'अमंगळ गोष्ट' म्हणजे हीच घटना, असे तिसऱ्या शतकात पॉर्फिरी या ख्रिस्तीविरोधी तत्त्वज्ञाने म्हटले होते, आणि आज बहुतेक अभ्यासक तसेच मानतात. येशूने मात्र तीच गोष्ट पुढे होणारी म्हणून पुन्हा सांगितली. एकदा पूर्ण झालेले वचन दुसऱ्यांदा पूर्ण होऊ शकते का, हा या वादातला सर्वांत नाजूक सांधा आहे. केडगावच्या हकिगतीत तो पुन्हा लागेल.

इ.स. ७० ची आठवणही कोकणात आहे, पण तिचे रूप निराळे. मंदिराच्या विध्वंसाचा दिवस, हिब्रू अव महिन्याची नवमी, बेने इस्राएल 'बिरड्याचा सण' म्हणून पाळत आले. नाव सण, पण दिवस शोकाचा, उपवासाचा. उपवास सोडताना मोड आलेल्या वालांचे बिरडे. केहिमकरांचा तर्क असा की पूर्वज ७० च्या आधीच निघाले असल्याने हा उपवास मूळचा नसून नंतर रूढ झाला. तो केव्हाही आला असो, एका ख्रिस्ती पंथासाठी जी तारीख प्रभूचे वचन खरे ठरल्याचा पुरावा आहे, तीच तारीख पेण-पनवेलच्या घरांत दुःखाची होती.

इथे पूर्तवादाची काळी बाजू सांगायला हवी. यरुशलेमचा नाश ही यहुद्यांना झालेली शिक्षा, असे वाचन चर्चच्या आरंभीच्या शतकांपासून चालत आले आणि युरोपात यहुदीद्वेषाला त्याने शतकानुशतके खतपाणी घातले. आजचे समंजस पूर्तवादी हे टाळतात, तरी सिद्धान्ताच्या रचनेतच तो धोका आहे.

उलट बाजूच्या लोकांना कोकणातले हे तेली वेगळ्याच कारणासाठी मोलाचे वाटले. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मुंबईचे स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांना ते इस्राएलच्या हरवलेल्या दहा वंशांपैकी असावेत असे वाटे. ज्यांच्या मते भविष्यवाणी अजून पूर्ण व्हायची होती, त्यांच्या हिशेबात या वंशांचे सापडणे आणि मायदेशी परतणे हे शेवटाचे चिन्ह होते. त्याच काळात, १८३३ मध्ये, जोसेफ वोल्फ नावाचा जन्माने यहुदी ख्रिस्ती प्रवासी हिंदुस्थानात फिरत होता. ख्रिस्त १८४७ मध्ये परत येईल असा त्याचा हिशेब होता.

१८४७ आले नि गेले. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झाले तेव्हा भविष्यवाद्यांना पुन्हा उत्साह आला. 'ही पिढी' म्हणजे १९४८ पाहणारी पिढी, असा नवा अर्थ निघाला. बेने इस्राएल समाजातील बहुसंख्य लोक पुढच्या दशकांत तिकडे गेले. तिथे त्यांच्या वाट्याला काय आले? विवाहाच्या वेळी तुमचे यहुदीपण शुद्ध आहे का, याची चौकशी. १९६४ मध्ये मोठ्या आंदोलनानंतर इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. भविष्यवाणीच्या तक्त्यात ज्यांना चिन्ह म्हणून बसवले जाते, त्या माणसांना कोणी विचारत नाही.

अमेरिकन मराठी मिशनची गोष्टही या वादाच्या अगदी शेजारून जाते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, दोघेही अँडोव्हर या धर्मविद्यालयाचे. याच अँडोव्हरमध्ये १८१० पासून मोझेस स्टुअर्ट हिब्रू आणि बायबल शिकवत होते. १८४५ मध्ये त्यांनी प्रकटीकरणावर दोन खंडांचे भाष्य काढले आणि त्यात पुस्तकाचा मोठा भाग यरुशलेम आणि नीरोच्या रोमशी जोडला. पूर्तवादाला अमेरिकेत विद्वन्मान्यता मिळाली ती या ग्रंथाने.

याला संदर्भ होता ताज्या फजितीचा. विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाच्या अनुयायांनी दानीएलमधील आकडे मांडून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरवली होती. हजारो लोक त्या दिवशी वाट पाहत बसले. काहींनी शेतातले पीक कापलेच नव्हते. पहाट झाली आणि काहीही झाले नाही. त्यातल्या एका गटाने नंतर सांगितले की तारीख बरोबर होती, घटना स्वर्गात घडली. हाच गट पुढे सेव्हन्थ-डे ॲडव्हेन्टिस्ट म्हणून वाढला. पुण्यातले त्यांचे स्पायसर विद्यापीठ आणि सॅलिसबरी पार्कातील छापखाना पुणेकरांना परिचित आहेत. गंमत म्हणजे, घटना घडली पण डोळ्यांना दिसली नाही, हा तोडगा 'सगळे होऊन गेले' म्हणणारे पूर्तवादीही वापरतात. दोघांचे वैर कितीही असो, युक्ती एकच आहे.

आता केडगाव.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, पुढच्या वर्षी पुण्यात रँडचा खून झाला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ पडले. पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून, नंतर गुजरातेतून उपाशी, अनाथ, विधवा मुली घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये त्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. जैतुनाच्या डोंगरावरील प्रवचनात दुष्काळ आहे, रोगराई आहे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांविषयी हळहळ आहे. पूर्तवादी विद्वानाने ही यादी क्लॉडियसच्या काळात बसवणे सोपे आहे. रस्त्याच्या कडेला मेलेल्या आईजवळून उचललेल्या मुलीला ती यादी कालची वाटली तर तिला चूक कसे म्हणणार?

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी आत्मिक जागृतीसाठी रोज प्रार्थना करायला मुली बोलावल्या. सुरुवातीला सत्तर आल्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. २९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास एका मोठ्या मुलीला आपल्या अंगात अग्नी उतरल्याचा अनुभव आला. शेजारच्या मुलीला खरीच आग दिसली, ती पाण्याची बादली आणायला धावली. बादली ओतणार इतक्यात तिच्या ध्यानात आले की मुलगी पेटलेली नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानातील आठवा अध्याय समजावत असताना सगळ्या सभेत रडण्याचा आणि मोठ्याने प्रार्थनेचा कल्लोळ उठला. रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. पुढे परभाषा बोलण्याचे प्रकारही नोंदले गेले. लॉस एंजेलिसमधील ज्या सभांपासून पेन्टेकॉस्टल चळवळीचा आरंभ मानतात त्या एप्रिल १९०६ च्या, केडगावच्या सुमारे दहा महिने नंतरच्या.

याचा अर्थ काय लावायचा? योएल या संदेष्ट्याच्या ग्रंथात असे वचन आहे की देव सर्व मनुष्यांवर आपला आत्मा ओतेल, मुलगे आणि मुली संदेश देतील, दास-दासींवरही तो उतरेल. पेन्टेकॉस्टच्या दिवशी शिष्य अनोळखी भाषा बोलू लागले तेव्हा लोकांना ते प्यायलेले वाटले. पेत्राने सांगितले की सकाळचे नऊ वाजलेत, हे मद्य नव्हे, हे योएलने सांगितलेले घडते आहे. म्हणजे बायबलच्याच साक्षीने हे भविष्य पूर्ण झाले. पेत्राने त्या दिवसांना 'शेवटचे दिवस' म्हटले, आणि पूर्तवादी त्याचा अर्थ मंदिराच्या व्यवस्थेचे शेवटचे दिवस असा करतात, जे ७० मध्ये सरले. या हिशेबाने केडगावच्या मुलींसाठी योएलमध्ये काहीच शिल्लक राहत नाही.

मुक्तीमध्ये काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये पवित्र आत्मा आणि अग्नी यांच्या बाप्तिस्म्यावर पुस्तिका लिहिली. त्या काळच्या जागृतीच्या चळवळींना योएलमधलाच एक धागा फार प्रिय होता. योएल दोन पावसांविषयी बोलतो. त्याच्या देशात पेरणीच्या वेळचा एक आणि कणसात दाणा भरताना येणारा दुसरा. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला यातले मर्म वेगळे सांगावे लागत नाही. पहिल्या पावसाने उगवते, पण दुसरा हुकला तर रास होत नाही. पेन्टेकॉस्ट हा पहिला पाऊस होता, आता कापणीपूर्वीचा दुसरा पडतो आहे, अशी ही मांडणी. वचन पूर्ण झाले आहे आणि पूर्ण व्हायचेही आहे. दानीएलच्या 'अमंगळ गोष्टी'चा सांधा इथे वेगळ्या रूपात पुन्हा दिसतो. एब्रम्स यांनी ती पुस्तिका चिलीतील वालपराइसो येथे आपल्या जुन्या मैत्रिणीला, मे हूवर यांना पाठवली. १९०९ मध्ये तिथे जी जागृती झाली तिच्यातून चिलीची पेन्टेकॉस्टल चर्च उभी राहिली. दुष्काळातून वाचलेल्या मराठी, हिंदी, गुजराती मुलींची प्रार्थना दक्षिण अमेरिकेच्या इतिहासात अशी शिरली.

विरोध झालाच. पाश्चात्त्य मिशनऱ्यांपैकी अनेकांना हा गोंगाट असह्य वाटला. प्रिन्सटनचे बेंजामिन वॉरफिल्ड यांनी १९१८ मध्ये ग्रंथ लिहून सांगितले की चमत्काराची दाने प्रेषितांच्या पिढीबरोबर संपली, त्यानंतरचे सारे दावे खोटे. वॉरफिल्ड काही पूर्तवादी नव्हते, पण दार तेच बंद करत होते. रमाबाईंची भूमिका मधली आणि विलक्षण शहाणपणाची आहे. परभाषा मिळाली नाही तर आत्मा मिळाला नाही, हे त्यांना मान्य नव्हते. तरी मुलींनी मोठ्याने, एकत्र, रडत प्रार्थना केली तर ती त्यांची रीत आहे, तिला परदेशी शिस्त लावू नये, असे त्या ठामपणे मानत. दासींवर आत्मा उतरेल हे वचन ज्यांच्याविषयी होते त्यांनाच गप्प करण्यात त्यांना अर्थ दिसत नव्हता.

केडगावच्या पलीकडे आणखी एक उत्तर घडत होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून येऊ शकत. मेघांवर कोण केव्हा येईल याच्या हिशेबात टिळकांना रस नव्हता. दरबार भरलेला आहे, येऊन बसा, असा त्यांचा सूर. सी. एच. डॉड या वेल्श अभ्यासकाने १९३५ मध्ये देवाचे राज्य येशूच्या येण्यातच अवतरले असे मांडून युरोपात खळबळ उडवली. त्याच्या अठरा वर्षे आधी एका मराठी कवीने त्याच्याशी मिळताजुळता विचार संस्थेच्या रूपात आणून पाहिला होता. मे १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही.

रमाबाई मात्र त्या वर्षांत वेगळ्याच कामात बुडाल्या होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या सबंध बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. मिशनऱ्यांच्या भाषांतरातली संस्कृतप्रचुर भाषा शेतावर काम करणाऱ्या बाईला कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. हे काम करताना त्यांना मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातून जावेच लागले. ग्रीक शब्द 'गेनेआ'. त्याचा सरळ अर्थ पिढी. १९०९ मध्ये निघालेल्या आणि भविष्यवाद्यांत अतिशय लोकप्रिय झालेल्या स्कोफिल्डच्या सटीप बायबलात त्या जागी वंश, म्हणजे यहुदी वंश, असा अर्थ सुचवून अडचण टाळली होती. मराठीत 'पिढी' लिहिले की वाद डोळ्यांसमोर उभा राहतो, 'वंश' लिहिले की तो झाकला जातो. आणि मराठीत 'ही' की 'ती' हेही ठरवावे लागते. ग्रीकमध्ये दर्शक सर्वनाम जवळचे आहे. बोलणारा समोरच्या माणसांकडे बोट दाखवतो आहे.

एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या स्वतःच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्या छापखान्यात खिळे जुळवणे, छपाई आणि बांधणी ही कामे मिशनमधल्या बायका-मुलीच करत असत.